पाणी खालून चढलं

१० जून २०२४
पाऊस आला. मागच्या खोलीत कोंदट वास. परवा लावलेला जेसो अजून बोटाला थंड लागतो, म्हणजे आत ओल आहे. पंखा चालू ठेवला.

तीन फळ्या हव्यात. मरीन प्लाय, १८ मिलिमीटर, तीन फूट बाय चार. कॅनव्हास नको. खरवडायचं आहे, ताणलेलं कापड पट्टीखाली दबतं, हवा तो विरोध मिळत नाही.

११ जून
सुतारकाकांना फोन. "पालखीच्या आधी देतो, ताई."

१३ जून
माळ्यावरून आईची ट्रंक काढली. दोन नऊवाऱ्या, पितळी अडकित्ता, रेशनकार्डं, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटोंचा गठ्ठा. लहानपणी एकदा पाहिला होता. तेव्हा हातात दिला नव्हता.

सगळे फोटो एकमेकांना चिकटून एकच वीट झालेली. दोन बोटं जाड. वर तपकिरी पापुद्रा, त्यात काहीच ओळखू येत नाही. कडेने पाहिलं तर कागदांच्या फटींत मातीच्या बारीक रेघा. १२ जुलै १९६१ ची, पानशेतच्या पुराची माती.

आई दारातून म्हणाली, "उघडू नकोस."
"नाही उघडत."
"पाण्यात भिजवून सुटतील म्हणाला होता फोटोवाला. अण्णा नको म्हणाले."

१४ जून
जुन्या कृष्णधवल फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. प्रतिमा त्या थरात. ओला झाला की फुगतो, चिकट होतो; दाबाखाली वाळला की शेजारच्या कागदाला धरून बसतो. थंड स्वच्छ पाण्यात भिजवले तर कधी सुटतात. कधी थर सोलून निघतो आणि पुढच्या फोटोच्या पाठीला जातो. एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर.

झोप नाही.

१६ जून, रविवार
आईने वीट मांडीवर घेतली. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, ऑगस्टमध्ये ऑपरेशन. बघायचं नव्हतंच तिला. बोटांनी कडा चाचपत होती.

मी विचारलं, आत काय काय आहे?

तिने वरून सांगायला सुरुवात केली. पहिला अण्णा आणि माई, लक्ष्मी रोडच्या स्टुडिओतला, माई खुर्चीत. त्याखाली दादाची मुंज. मग शाळेचा, सगळा वर्ग पायऱ्यांवर. मग आळंदी, घाटावर सगळे. "सगळ्यात खाली वाड्याचा. चौक आणि आड."

एकदाही अडखळली नाही. मी लिहून घेतलं.

१७ जून
काल रात्री ठरलं. वीट चिकटवायची नाही. तिचा फोटोही वापरायचा नाही. तिच्याइतक्या जाडीचं चित्र करायचं. आईने सांगितलेल्या प्रत्येक फोटोचा एक थर. आई वरून सांगते, मला खालून सुरू करावं लागेल. आधी वाडा. शेवटी अण्णा-माई.

१९ जून
विठ्ठलवाडीजवळून मुठेचा गाळ आणला, बादलीभर. आजच्या नदीला सांडपाण्याचा वास. उन्हात घालायचा तर ऊन नाही. जुन्या तव्यावर भाजला, कुटला, पंचातून वस्त्रगाळ केला. हाताला पिठाइतका मऊ. रंग राखाडी, त्यात किंचित हिरवी झाक. ॲक्रिलिक मीडियममध्ये कालवला की गडद होतो, वाळला की पुन्हा फिकट.

जाड लावला की तडकतो. पातळ, पातळ, पातळ.

२० जून
शिकवणीच्या वर्गातली मुलगी कॅनव्हासवर आजीचा चष्मा चिकटवून घेऊन आली. बाजूला आजीच्या हस्ताक्षरातली पाककृती, लाल धागा, वाळलेली फुलं. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

मग तिला म्हटलं, चष्मा काढ आणि बघ, काय उरतं. ती दुखावली. पण हे तिला सांगायलाच हवं होतं. चष्मा दिसला की माणूस हळहळतो आणि चित्र बघायचं थांबतो. हळहळ चष्म्याची असते. रंगाने, पोताने, दाबाने काहीच करायचं उरत नाही. वस्तू गाडावी लागते. ती नाहीशी झाल्यावर वरच्या पृष्ठभागाला जो उंचवटा येतो, तो आपला.

तिला पाककृतीवर दुधी रंगाचा पातळ हात द्यायला लावला. दोन शब्द धूसर उरले. बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली.

२२ जून
फळ्या आल्या. कडा छान मारल्यात. पाचर ठोकून पाठीमागे चौकट. पैसे नंतर दे म्हणाले. मागचेही राहिलेत.

२३ जून, रविवार
पुन्हा विचारलं. सहज, भाजी निवडताना.

"वर दादाची मुंज. मग अण्णा-माई. मग माझा वेणीचा."
"वेणीचा?"
"फुलांची वेणी घालून आरशापुढे बसवायचे नाही का? पाठ दिसायची आणि आरशात चेहरा. तो. मग आळंदी."

शाळेचा फोटो या खेपेला नाही. वाडाही नाही. वेणीचा फोटो मागच्या रविवारी नव्हता.

काही बोलले नाही. दुसरी फळी दुसऱ्या यादीची.

२४ जून
मुंजीसाठी हळद. खळीत कालवून मांजरपाटावर. चुन्याच्या निवळीचा शिंतोडा पडला तिथे लालभडक. तसाच ठेवला.

हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. उन्हात वाळत घातलेल्या कापडावरचा डाग उडतो तसाच उडून जाणार. पण वर आणखी थर आले तर अंधारात राहील, कितीतरी जास्त टिकेल. दिसणार नाही म्हणून टिकेल. हे मला चित्राच्या बाजूचं वाटतं. पुन्हा पुन्हा घोळवावंसं.

पहिल्या फळीत ती अण्णा-माईंच्या खाली पूर्ण झाकली जाईल. दुसरीत मुंज सगळ्यात वर. तिथे उडेल. उडू दे.

२७ जून
आल्बेर्तो बुर्रीचं पुस्तक पुन्हा काढलं. इटालियन सैन्यात डॉक्टर. १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडला गेला, टेक्ससमधल्या हेरफर्डच्या युद्धकैद्यांच्या छावणीत रंगवायला लागला. गोणपाटावर. नंतर वैद्यकी सोडली, फाटकी पोती शिवून चित्रं केली. लोक त्यात जखमा, टाके, बँडेज बघायचे. तो ते धुडकावून लावायचा. चित्रात आकार आणि अवकाश, त्यापलीकडे काही सांगायला तयार नव्हता.

मला दोघंही खरे वाटतात, बघणारे आणि तो. जखम तिथे आहे म्हणूनच त्याने तिच्याबद्दल बोलायचं नाकारलं असेल.

३० जून
पालख्या पुण्यात. रस्ते बंद. दिवसभर घरात टाळ ऐकू येत होते. आई गॅलरीत खुर्ची टाकून.

पहिल्या फळीवर आळंदीचा थर. निळा नाही, हिरवा नाही. इंद्रायणीचा घाट कसा होता विचारलं तर म्हणाली, "पाय पोळत होते." मग भाजक्या विटेचा चुरा आणि वाळू. पॉलिश पेपरने घासल्यावर अजून कचकचीत.

४ जुलै
हवेत इतकं पाणी की गोंद वाळत नाही. दुसऱ्या फळीवर वेणीचा थर: आधी चांदीचा वर्ख, मिठाईवाल्याकडून आणलेला. श्वासाने उडतो, पंखा बंद करून काम. त्यावर काळ्या शाईचा टिश्यू. शाईतून वर्ख कुठे कुठे डोळा उघडतो. पुढे वर्खही काळा पडेल, हवेतल्या गंधकाने.

९ जुलै
येत्या २ नोव्हेंबरला चित्रकार गायतोंड्यांची शंभरी. नागपुरात जन्म, गिरगावात वाढले, पुढे दिल्लीत राहिले. रोलर फिरवायचा, पट्टीने खरवडायचं, वर्तमानपत्राचा फाडलेला तुकडा ओल्या रंगावर दाबून रंग उचलून घ्यायचा. वर्षाकाठी पाच-सहा चित्रं. बाकीचा काळ बसून राहणं, बघणं.

रंग चढवण्यापेक्षा उचलण्यात त्यांचा हात कळतो. आज अण्णा-माईंचा थर तसाच केला. ओला तपकिरी, वर लोकरी कापड दाबलं, काढलं. माईंच्या खुर्चीची जागा रिकामी राहिली असं मला वाटतं. कुणाला नाही वाटलं तरी चालेल.

११ जुलै
पहिली फळी जवळपास झाली. शेवटी पातळ गाळ वरून ओतला, ओघळ खाली येऊ दिले. बघायला फार सुंदर.

१२ जुलै, शुक्रवार
तेव्हा बुधवार होता. आई तेरा वर्षांची.

तिला खोलीत आणलं, फळीसमोर बसवलं. बोटं फिरवायला दिली. वाळूपाशी थांबली, ओघळांपाशी थांबली.

"हे काय?"
"गाळ."
"वरून ओतलास?"
"हो."
"पाणी वरून नाही आलं. खालून चढलं. आधी मोरीतून. मग अंगण. मग पायऱ्या, एकेक. आम्ही जिन्यात बसून पायऱ्या बघत होतो."

मग पुष्कळ बोलली, एकदम. आदल्या रात्री पानशेतला जवान वाळूची पोती टाकत होते, ते आम्हाला नंतर कळलं. सकाळी पानशेत फुटलं, दुपारी खडकवासला. लकडी पूल पाण्याखाली. रात्री पुन्हा पाणी आलं म्हणून कुणीतरी ओरडलं आणि सगळे अंधारात पर्वतीकडे धावले, आलं नव्हतं. दिवे नाहीत. आणि नळ कोरडे. खडकवासलाच गेलं, नळाला पाणी कुठून? सगळीकडे पाणी येऊन गेलेलं आणि प्यायला घोट नाही. आडातला गाळ उपसेपर्यंत कळशा घेऊन कुठे कुठे रांगा.

पुरातल्या पाण्याबद्दल तिने दोन वाक्यं सांगितली. रांगांबद्दल अर्धा तास.

१३ जुलै
ओघळ घासून काढले. सुंदर होते. पण ते पावसाचे होते, पुराचे नव्हते.

१४ जुलै
मांजरपाट गरम पाण्यात धुऊन त्याची खळ घालवली. पहिल्या फळीच्या पुढ्यावर ताणला. पत्र्याच्या पन्हळीत गाळाचं पाणी, त्यात फळी उभी. कापड आपोआप वर ओढतं. डोळ्यांदेखत नाही. तासाभराने बघावं तर बोटभर चढलेलं.

१५ जुलै
सकाळी रेघ. वेडीवाकडी, वरची कड गडद, खाली फिकट. माझ्या हाताने अशी रेघ जन्मात आली नसती.

जुन्या पेठांत भिंतींवर पुराच्या पातळीच्या खुणा आहेत, काही ठिकाणी तारखेसह. त्या सरळ काढलेल्या आहेत. भिंतीवर उरली असेल ती रेघ अशी असणार.

१७ जुलै
एकादशी. आईचा उपास. काम नाही.

२१ जुलै
चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी. १९५० च्या दशकात दृष्टी पूर्ण गेली. त्यानंतर कागद कापून कोलाज, बोटांनी घड्या घालून, आणि १९७२ मध्ये शांतिनिकेतनातल्या कलाभवनाच्या भिंतीवर टाइल्सचं भित्तिचित्र. दृष्टी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर गेली होती, हे आईला सांगितलं नाही. कोलाज दाखवले. म्हणजे तिच्या हाताने कागद कापून घेतले, कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. म्हणाली, "सुरी चांगली हवी."

२५ जुलै
रात्रभर कोसळला. पहाटेच खडकवासल्यातून विसर्ग वाढवलेला. टीव्हीवर ३५,००० क्युसेक. सिंहगड रोडला एकतानगरीत घरात पाणी, लष्कर बोलावलंय. सुतारकाका फोन उचलत नाहीत.

आईने पिंप भरलं. बादल्या भरल्या. मग पातेली, डबे, पुरणयंत्राचं भांडंसुद्धा.
"आई, नळ चालू आहे."
"भरते तोवर भरते."

२६ जुलै
काका भेटले. माणसं सुखरूप. दुकानात कमरेएवढं पाणी होतं. यंत्राची मोटार गेली, माल गेला. मी दिवसभर तिथे, चिखल ओढत. वास तोच, बादलीतला. फक्त ताजा.

प्लाय फुगून फुटलेत. पापुद्रे सुटून पुस्तकासारखे उघडले आहेत, प्रत्येक पानावर गाळ. मी बघत राहिले. काकांच्या लक्षात आलं. "न्या ताई, हवे असतील तर. बंबातच जाणार."

२७ जुलै
नाही आणले.

मनात सगळं दिसत होतं: ते उघडलेले थर, रेघ, कसं टांगायचं तेही. तयार चित्र. पण त्यातला गाळ कालचा आहे आणि माणूस अजून मोटार उघडून वाळवतोय. त्याचं नुकसान अजून त्याचंच आहे. ते आठवण झालेलं नाही. होईल तेव्हा ती त्याची असेल.

आईला सांगितलं. तिने बराच वेळ उत्तर दिलं नाही.

२८ जुलै, रविवार
जेवणं झाल्यावर तिने आपणहून वीट मागितली.

"वेणीचा फोटो यात नाही," म्हणाली. "काढायचा होता. त्या श्रावणात. केस पुरेसे वाढले होते. मग स्टुडिओ नाही, काही नाही. गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत गेलो, आणि माईने केस कापले. पाणी कुठलं धुवायला?"

मी गप्प.

"आणि हे फोटो आपलेच, असंही नाही."
"म्हणजे?"
"चौकात गाळात सापडले. अण्णांनी उचलले. आपली पेटी वाहून गेली होती. वरच्या अंगाच्या वाड्यांतलं सगळं सामान आमच्या चौकात येऊन अडकलं होतं, कुणाची घागर, कुणाचा पाट. अण्णा म्हणाले, आपलेच आहेत. मग आपलेच."
"उघडू नको म्हणाले ते म्हणून?"
"मला काय माहीत? मी कधी विचारलं नाही."

६३ वर्षं ट्रंकेत.

२९ जुलै
पहिल्या दोन फळ्यांना हात लावायचा नाही. वर्ख काढायचा नाही. त्या रविवारी वेणीचा फोटो होता.

३१ जुलै
एक फोटो-संवर्धक ओळखीची आहे. तिच्याकडे दिली तर थंड पाण्यात, सावकाश, निदान वरचे काही सुटू शकतील. नंबर काढून ठेवला.

आईला विचारलं. "कुणी निघाले, तर काय करशील?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
"राहू दे मग."

नंबर खोडला नाही.

५ ऑगस्ट
तिसरी फळी. खालपासून फक्त गाळ आणि मांजरपाट, आलटून पालटून. हळद नाही, वर्ख नाही. यादीच नाही. प्रत्येक थर पन्हळीत उभा करून चढवायचा, प्रत्येकाची रेघ वेगळ्या उंचीवर. मध्ये पोस्टकार्डाएवढी जागा मोकळी. तिथे काहीच लावायचं नाही, लाकडापर्यंत. दोन बोटं खोल.

११ ऑगस्ट
दमट. दोन थरांमध्ये चार-चार दिवस जातात. घाई केली की आतून बुरशी धरते.

काकांचं यंत्र सुरू झालं.

२० ऑगस्ट
आईचं ऑपरेशन नीट झालं. हिरवी पट्टी.

२१ ऑगस्ट
पट्टी काढली. पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाली, "केवढी वाळलीस." मग भिंतीकडे. "ही भिंत पांढरी आहे होय? मला पिवळी वाटायची."

२६ ऑगस्ट
कड बघण्यासाठी तिसरी फळी आडवी केली. गाळाच्या रेघा, कापडाच्या रेघा. वीट शेजारी ठेवली. जाडी तंतोतंत नाही. माझी किंचित जास्त.

वरून कोणताही रंग द्यायचा नाही. व्हार्निशही नको. गाळ चमकला तर संपलं.

३० ऑगस्ट
डोळ्यात थेंब घालून झाल्यावर आई खोलीत आली. तिन्ही भिंतीला टेकवून ठेवलेल्या. पहिल्यांदाच बघत होती. पहिलीजवळ फार वेळ नाही. दुसरीत खरवडलेल्या जागांतून वर्ख कुठे कुठे चकाकतोय तिथे डोळे बारीक केले. तिसरीसमोर खाली फरशीवर बसली. गुडघ्यांमुळे ती खाली बसत नाही.

मोकळ्या जागेत हात घालून बघितला. आत लाकूड लागलं. हात काढला नाही.

मी चहा टाकायला गेले.

३ सप्टेंबर
बालगंधर्व कलादालनात ऑक्टोबरमध्ये आमच्या गटाचं प्रदर्शन. नदीपासून हाकेच्या अंतरावर. फॉर्म आज द्यायचा.

नावं: ‘यादी, १६ जून’, ‘यादी, २३ जून’, ‘२८ जुलै’. माध्यम: मुठेचा गाळ, मांजरपाट, खळ, हळद, चुना, वीट, वाळू, वर्ख, शाई, टिश्यू, ॲक्रिलिक, प्लायवर. माध्यमाच्या रकान्यात एवढं मावत नाही. ‘मिश्र माध्यम’ लिहून सुटता येईल, पण मला पूर्ण यादी हवी. मागे पुरवणी जोडली.

किंमत विचारली तर आई म्हणाली, "पहिल्या दोन विक. तिसरी नको."
"तुला हवी?"
"मला कशाला? ती ज्यांचे फोटो असतील त्यांची."

तिसरीसमोर ‘विक्रीसाठी नाही’ लिहिलं. पहिल्या दोनचे आकडे उद्या ठरवीन. त्यातून आधी काकांचे पैसे, मागचे आणि हे.